तुमचे प्रश्न: व्हिनाइलच्या क्लिक फळ्या घरी बसवताना

मागच्या अंकात व्हिनाइलच्या फळ्यांचा उल्लेख ओझरताच आला होता, तरी त्यावर पत्रांची रीघ लागली. लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकींत खटकन अडकणाऱ्या, जमिनीवर घालायच्या या प्लास्टिकच्या फळ्या बऱ्याच जणांना स्वतःच्या हाताने बसवायच्या आहेत. सुतारकाम आणि फरशीची कामं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे ही पत्रं वाचताना मनापासून आनंद झाला. काही निवडून, थोडक्यात देऊन, उत्तरं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यातूनच निघतात. या फळ्या जमिनीला चिकटवत नाहीत की खिळ्यांनी ठोकत नाहीत. त्या फक्त एकमेकींना धरून असतात. सगळ्या बसल्या की खोलीभर एकच सलग पृष्ठ तयार होतं आणि ते जमिनीवर नुसतं टेकलेलं असतं. त्याला खालून सपाट आधार लागतो आणि चारी बाजूंना सरकायला थोडी जागा लागते. ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेक या दोहोंपैकी एक न मिळाल्यामुळे आलेल्या असतात.

प्रश्न: ताई, दुकानात एसपीसी, डब्ल्यूपीसी, एलव्हीटी अशी नावं ऐकली. विक्रेता म्हणतो, आठ मिलिमीटरची घ्या, जितकी जाड तितकी टिकाऊ. हे खरं आहे का? घरात दोन लहान मुलं आणि एक कुत्रा आहे.

फळीला दोन जाड्या असतात आणि विक्रेता तुम्हाला त्यांतली कमी महत्त्वाची सांगतो आहे. एक फळीची एकूण जाडी. ती साधारण ४ ते ८ मिमी असते. दुसरी वरच्या पारदर्शक थराची, म्हणजे वेअर लेयरची. पायाची, खुर्चीची, कुत्र्याच्या नखांची झीज हा थर सोसतो. त्याच्या खाली लाकडाचं छापील चित्र असतं. थर झिजला की चित्र उघडं पडतं, आणि ते पुन्हा पॉलिश करून आणता येत नाही. मुलं आणि कुत्रा असलेल्या घरात हा थर निदान ०.५ मिमी असावा. माणसांची ये-जा कमी असलेल्या खोलीत ०.३ मिमी पुरतो.

इथे एक गफलत हमखास होते. काही खोक्यांवर हा आकडा 'मिल'मध्ये छापलेला असतो. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे २० मिल म्हणजे साधारण ०.५ मिमी आणि १२ मिल म्हणजे ०.३ मिमी. 'मिल' वाचून कुणी मिलिमीटर समजलं, तर सगळा हिशेब फसतो. खोक्यावर कुठलं एकक आहे ते स्वतः वाचा.

आता नावांविषयी. एसपीसीचा गाभा चुनखडीची पूड आणि पीव्हीसी मिळून केलेला असतो. तो घट्ट, जड आणि ताठ असतो. उष्णतेने कमी फुगतो आणि जड वस्तूखाली सहसा दबत नाही. डब्ल्यूपीसीचा गाभा फेसाळवलेल्या प्लास्टिकचा, त्यामुळे पायाला मऊ, कमी गार आणि चालताना कमी आवाज करणारा. मात्र जड कपाटाच्या पायाखाली त्यात खड्डा पडू शकतो. तुम्ही ऐकलेली एलव्हीटी म्हणजे बहुतेक पातळ, लवचिक फळी. ती खालच्या जमिनीचा प्रत्येक उंचवटा जसाच्या तसा वर दाखवते. तुमच्या घरासाठी मी ५ ते ६ मिमीची, ०.५ मिमी वेअर लेयरची एसपीसी घेईन. आठ मिलिमीटर म्हणून दाखवलेल्या फळीत कधीकधी दीड-दोन मिलिमीटर खाली चिकटवलेला फोम असतो, तो वजा करूनच तुलना करा.

खरेदीआधी दोन सुटे नमुने मागून घ्या आणि दुकानातच स्वतः जोडून पाहा. जोडा, उकला, पुन्हा जोडा. कडेचं लॉक, म्हणजे एक फळी दुसरीत अडकवणारी खाच, एवढ्यानेच पांढुरकं पडत असेल किंवा त्याचा तुकडा उडत असेल, तर रंग कितीही मनात भरलेला असो, तो माल घेऊ नका. हवेत बाहेर पडणाऱ्या रसायनांची चाचणी झालेली आहे का, हेही विचारा. 'फ्लोअरस्कोर'सारखी प्रमाणपत्रं त्यासाठीच असतात. लहान मूल दिवसभर जमिनीवर असतं, तेव्हा हा प्रश्न विचारायला मुळीच संकोच करू नका.

प्रश्न: आमच्या बैठकीच्या खोलीत जुन्या टाइल आहेत. काही ठिकाणी उंचसखल वाटतं. काढायला नकोत म्हणून त्यांच्यावरच फळ्या बसवायच्या आहेत. विक्रेत्याच्या मते खाली जाड फोम टाकला की सगळं सारखं होईल. करू का?

फोम टाकू नका. हे मी जरा विस्ताराने लिहिते, कारण या एका सल्ल्यापायी अनेकांच्या चांगल्या फळ्या वाया जातात.

फळीच्या कडेला जे लॉक असतं, त्याचा ओठ जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. समजा जमिनीत एक खोलगट जागा आहे आणि फळी तिच्यावरून पुलासारखी गेली आहे. तुम्ही तिच्यावर पाय ठेवता, फळी खाली वाकते आणि वाकण्याचा सगळा ताण त्या ओठावर येतो. पाय उचलला की ती वर येते. दिवसातून शेकडो वेळा असं झालं की ओठाला आधी चीर जाते, मग तो तुटतो, मग फळ्यांमध्ये फट दिसू लागते. फोम जितका मऊ आणि जाड, तितकी फळी जास्त दबणार. म्हणजे खड्डा होता एका जागी आणि फोमने तो खोलीभर केला. ज्या फळ्यांना खाली फोम आधीच चिकटवलेला असतो, त्यांच्याखाली दुसरा थर घालायला बहुतेक कंपन्या साफ मनाई करतात आणि हमी रद्द करतात.

मग करायचं काय? दोन मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी मिळवा. ती जमिनीवर उभ्या कडेने ठेवा, मागे टॉर्च धरा आणि पट्टीखालून कुठे उजेड येतो ते पाहा. आडवी, उभी, तिरपी अशी सरकवत सगळी खोली पालथी घाला आणि खळगा दिसेल तिथे खडूने गोल करा, उंचवटा दिसेल तिथे फुली. साधारण मापं लक्षात ठेवा: १.८ मीटरमध्ये ३ मिमी आणि ३ मीटरमध्ये ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. तुमच्या खोक्यातल्या कागदावर याहून कडक माप असेल तर ते पाळा. पाणसळ लावून बसण्याची गरज नाही. खोली एका बाजूला जराशी उतरती असली तरी चालते; पृष्ठ सपाट हवं.

उंचवटे घासून काढायचे आणि खळगे लेव्हलिंग कंपाउंडने, म्हणजे जमीन सपाट करायच्या तयार मिश्रणाने, भरायचे. चकचकीत टाइलवर कंपाउंड धरत नाही, म्हणून आधी अशा पृष्ठासाठीचा प्रायमर लावा. भरलेला भाग पूर्ण वाळू द्या आणि पट्टी पुन्हा फिरवा. टाइलच्या सांध्यांकडेही लक्ष द्या. ते ६ मिमीपेक्षा रुंद किंवा खोल असतील तर तेही भरून घ्यावे लागतात. मग हातोडीच्या दांड्याने एकेक टाइल हलकेच ठोकत जा. पोकळ आवाज देणारी, हलणारी टाइल आधी काढा आणि ती जागा भरा. सुट्या टाइलवर बसवलेली फळी आयुष्यभर कुरकुरत राहते. शेवटी प्रत्येक दार उघडून पाहा: नव्या फळीची जाडी वाढल्यावर ते फिरेल का? नसेल तर दाराची खालची कड आत्ताच रंधून घ्या.

ही तयारी कंटाळवाणी आहे. फळ्या बसवायला लागतो त्याहून जास्त वेळ कधीकधी तिला लागतो. मी स्वतः मजुरीचा मोठा भाग याच कामाचा धरते आणि तसं घरमालकाला आधीच सांगते.

एक सावधगिरी. जुनी फरशी व्हिनाइलच्या छोट्या चौकोनी टाइलची असेल, विशेषतः नऊ इंची, आणि खाली काळा डिंक असेल, तर तिला घासू नका, फोडू नका. १९८० च्या दशकापर्यंत अशा टाइलमध्ये आणि डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस घालत असत. त्याचे तंतू श्वासावाटे जाणं जिवावर बेतू शकतं. आधी नमुना तपासून घ्या.

प्रश्न: तळमजल्यावर सिमेंटचा कोबा आहे. खोक्यावर 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' लिहिलं आहे, मग ओलीची काळजी कशाला? न्हाणीघरातही हीच फळी घालू का?

फळी पाण्याने फुगत नाही, कुजत नाही. खोक्यावर लिहिलेलं तेवढ्यापुरतं खरं आहे. पण पाणी जोडांतून आणि कडांनी खाली उतरतं आणि तिथून त्याला परत वर यायला वाट नसते. जमिनीतून वर येणारी ओलही फळीखाली अडकते. वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि खाली बुरशी धरते, वास येऊ लागतो.

म्हणून आधी कोब्याची ओल पाहा. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा साधारण ४५ सेंमी चौरस तुकडा घ्या. कोबा झाडून त्यावर तो अंथरा आणि चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. निदान १६ तास, जमलं तर पूर्ण दिवस तसाच राहू द्या. असे तुकडे दोन-तीन ठिकाणी लावा; त्यातला एक बाहेरच्या भिंतीजवळ आणि एक न्हाणीघराच्या भिंतीला लागून हवाच, कारण ओल बहुधा तिथूनच येते. मग प्लास्टिक उचला. त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरलेले दिसले किंवा खालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट झालेला असला, तर ओल आहे. अशा वेळी कारण शोधा: गळका पाइप, बाहेर साचणारं पाणी, भिंतीची ओल. कोबा नवा असेल तर कदाचित तो वाळलाच नसेल. दर इंच जाडीला साधारण एक महिना असा ढोबळ हिशेब असतो, दमट हवेत त्याहून जास्त. प्लास्टिक कोरडं निघालं म्हणजे कोबा नक्की कोरडा असं मात्र नाही. शंका वाटली तर कोब्यात भोक पाडून आतली आर्द्रता मोजणाऱ्या माणसाला बोलवा.

कोबा कोरडा असला तरी तळमजल्यावर मी फळ्यांखाली ०.१५ मिमी जाडीचं पॉलिथिन अंथरते. दोन पट्टे १५ ते २० सेंमी एकमेकांवर चढवून चिकटपट्टी लावते. हे पॉलिथिन वाफेपुरतं आहे. वाहतं पाणी ते थोपवू शकत नाही.

न्हाणीघरात, जिथे आंघोळीचं पाणी जमिनीवर सांडतं आणि उतार देऊन ते मोरीकडे न्यायचं असतं, तिथे या फळ्या घालूच नका. नुसतं बेसिन असलेली कोरडी जागा असेल तर हरकत नाही. तिथे कडेच्या फटीत लवचिक फोमची दोरी दाबून वरून सिलिकॉन भरा.

प्रश्न: खोली ३.१० मीटर रुंद आणि ४.२० मीटर लांब आहे. फळी १८० मिमी रुंद आहे, एका खोक्यात २.२ चौरस मीटर माल येतो. किती खोकी घेऊ आणि सुरुवात कुठून करू? मी आणि माझा भाऊ, दोघेही पहिल्यांदाच करतो आहोत.

मापं दिलीत हे फार चांगलं केलंत, त्यामुळे नेमकं सांगता येईल.

क्षेत्रफळ १३.०२ चौरस मीटर. कापण्यात जाणाऱ्या मालासाठी १० टक्के वाढवा, म्हणजे १४.३ च्या आसपास. सात खोकी घ्या. सहा खोक्यांत १३.२ चौरस मीटर येतात आणि ते कागदावर पुरेसे दिसतात, पण शेवटच्या ओळीपाशी तुम्ही अडकाल. सातही खोक्यांचा बॅच क्रमांक एकच आहे ना, ते दुकानात पाहा. घरी आणल्यावर ज्या खोलीत बसवणार तिथेच खोकी आडवी ठेवा, उभी नकोत, आणि ४८ तास तशीच राहू द्या.

आता ओळी. भिंतीपासून दोन्ही बाजूंना ८ मिमी जागा सोडायची, म्हणजे फळ्यांसाठी ३१०० मधून १६ वजा, ३०८४ मिमी. १८० मिमीच्या १७ ओळींना ३०६० लागतात आणि उरतात २४ मिमी. दोन बोटांएवढी ही चिंधी शेवटच्या भिंतीशी लावणं अवघड, आणि ती लॉकमध्ये नीट धरतही नाही. म्हणून एक पूर्ण फळी आणि ही चिंधी यांची बेरीज करून निम्मी करा: १८० अधिक २४ म्हणजे २०४, निम्मे १०२. पहिली ओळ भिंतीकडच्या बाजूने कापून १०२ मिमीची करा, मध्ये १६ पूर्ण ओळी, शेवटची पुन्हा १०२. बेरीज ३०८४. खोली दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीनदा मोजा. भिंती क्वचितच समांतर असतात.

फळ्यांची दिशा लांबीला धरून घ्या. मोठ्या खिडकीचा उजेड फळ्यांच्या लांबीने पडत असेल तर जोड कमी दिसतात. पहिल्या दोन ओळींसाठी भिंतीवर भरवसा ठेवू नका. सूत मारून सरळ रेघ काढा, भिंत आणि फळी यांच्यात ८ मिमीच्या पाचरी घाला आणि त्या रेघेला धरून बसवा. या दोन ओळी जिथे जातील तिथेच बाकीची खोली जाणार आहे. त्यांना लागेल तेवढा वेळ द्या.

एक फळी कशी बसते ते सांगते. नवी फळी लांब बाजूने तिरपी धरा, जमिनीपासून साधारण वीस-पंचवीस अंश. तिची कड आधीच्या ओळीच्या खाचेत टेकवा आणि किंचित वरखाली करत पुढे दाबा. कड आत गेली की हाताला कळतं. फळी स्वतःहून खाली यायला बघते. ती आडवी करा. मग आखूड बाजू. बऱ्याच फळ्यांत ती अंगठ्याने दाबून किंवा पांढऱ्या रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने खाली बसते. काळं रबर वापरू नका, डाग पडतो. ठोकायचं झालं तर थेट कडेवर कधीच नाही, मध्ये ठोकळा धरा. आता जोडावरून नख आडवं फिरवा. नख अडलं तर जोड पूर्ण बसलेला नाही. फळी उकला आणि खाचेत पाहा: बहुतेक वेळा कापताना उडालेला कण अडकलेला असतो. ब्रशने झाडा आणि पुन्हा बसवा. जोर लावून दामटलेला जोड त्या दिवशी बसल्यासारखा दिसतो आणि पुढे उघडतो.

ओळीच्या शेवटी कापलेला तुकडा २० सेंमीपेक्षा मोठा असेल तर पुढची ओळ त्यानेच सुरू करा. शेजारच्या ओळींचे आखूड जोड एकमेकांपासून निदान २० सेंमी दूर ठेवा, आणि एक ओळ सोडून तिसऱ्या ओळीत जोड पुन्हा त्याच रेषेत येऊ देऊ नका. डोळ्याला ती रेषा लगेच टोचते. तीन-चार खोकी एकदम उघडा आणि फळ्या मिसळून घ्या. चित्र छापील असल्याने तीच गाठ, तोच डाग पुन्हा पुन्हा येतो. जुळ्या फळ्या शेजारी लागल्या की लाकडाचा भास तिथेच संपतो.

कापायला कटर आणि गुण्या पुरतो. वरच्या बाजूने दोन-तीनदा खोल रेघ ओढा आणि गुडघ्यावर मोडा. दाराच्या चौकटीपाशी फळीला नक्षी कापत बसण्यापेक्षा लाकडी चौकटच खालून कापा: फळीचा एक तुकडा जमिनीवर ठेवा, त्यावर हातकरवत आडवी टेकवा आणि चौकट कापा. फळी खाली सरकते आणि फट झाकली जाते. पाइप असेल तर भोक त्याच्यापेक्षा मोठं हवं. २० मिमीच्या पाइपला ३६ मिमीचं भोक, म्हणजे चहूबाजूंनी ८ मिमी सुटतात. पाचरी शेवटी आठवणीने काढा. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, भिंतीला ठोका, फळ्यांवर दाबून नको.

दोघं आहात हे उत्तम. एकाने कापावं, एकाने बसवावं.

प्रश्न: स्वयंपाकघरात आधी फळ्या घालून त्यावर कपाटं बसवावीत की आधी कपाटं?

आधी कपाटं. जमिनीला आणि भिंतीला पक्की केलेली, वर दगडी ओटा असलेली कपाटं फळ्यांवर आली की फरशी तिथे खिळून बसते आणि तिची हालचाल दुसरीकडे कुठेतरी फुटून निघते. फळ्या कपाटांच्या पुढच्या कडेपर्यंत, फट सोडून न्या. फट खालच्या पट्टीमागे झाकली जाते. फ्रीज, टेबल, सुटं कपाट वर ठेवायला हरकत नाही. फक्त एकाच खोलीच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंतींशी पुस्तकांनी गच्च भरलेली कपाटं ठेवणं टाळा.

प्रश्न: गेल्या वर्षी बसवलेल्या फळ्या बाल्कनीच्या मोठ्या काचेच्या दाराजवळ उन्हाळ्यात जोडांवर उंच झाल्या. संध्याकाळी थोड्या खाली बसतात. बसवणारा म्हणतो माल खराब. काय समजू?

संध्याकाळी खाली बसतात, यातच उत्तराचा मोठा भाग आहे. ऊन लागलं की फळ्या वाढतात. वाढ प्रत्येक फळीत नगण्य असते, पण पाच-सहा मीटरच्या सलग लांबीत ती मिळून काही मिलिमीटर होते. तिला कडेला जागा मिळाली नाही की ती जोडावर उठते. तेव्हा मालाला दोष देण्याआधी कडा तपासा.

स्कर्टिंग काढा आणि टॉर्च घेऊन भिंतीलगत फिरा. फळी कुठे भिंतीला टेकली आहे? दाराच्या चॅनलपाशी फट सिमेंटने किंवा पुट्टीने भरली आहे का? दोन खोल्यांमधली धातूची पट्टी फळीतून आरपार स्क्रूने आवळली आहे का? आणि एक जागा जी सगळेच विसरतात: दार भिंतीवर आपटू नये म्हणून लावलेला स्टॉपर. त्याचा स्क्रू फळीतून खालच्या कोब्यात गेला असेल, तर तो एकटा स्क्रू सगळी फरशी धरून ठेवतो. मी अशा तक्रारीला गेले की आधी दाराच्या मागेच पाहते.

जिथे टेकली आहे तिथे फळीची कड जागेवरच कापून ८ ते १० मिमी फट मोकळी करा. स्टॉपर काढून भिंतीवर लावा. फरशी बहुधा काही दिवसांत आपोआप खाली बसते. जोडांचे ओठ वाकून गेले असतील तर तेवढ्या फळ्या बदलाव्या लागतील. दुपारच्या उन्हाच्या वेळी पडदा ओढून घ्या. सगळ्या कडा मोकळ्या असूनही फळ्या उठत असतील, तरच बसवणाऱ्याचं म्हणणं धरून कंपनीकडे दाद मागा. तेव्हा फटींचे फोटो, खोक्यावरचा क्रमांक आणि पावती जवळ ठेवा.

प्रश्न: पायपुसणं उचललं तर खाली पिवळा चौकोन. कशानेच निघत नाही. काय लावू?

पायपुसण्याची खालची बाजू रबराची असणार. रबरात मिसळलेली काही द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि रंग बदलतात. हा डाग पृष्ठाच्या आत असतो, त्यामुळे घासून निघत नाही. अ‍ॅसिटोन किंवा थिनर लावून पाहू नका, वरचा थर जाईल. तो चौकोन झाकायचा किंवा फळी बदलायची, एवढेच मार्ग आहेत. यापुढे सुती विणीची किंवा व्हिनाइलसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेली पायपुसणी घ्या. खुर्च्यांच्या पायांची काळी रबरी टोपणं काढा आणि फेल्टच्या चकत्या लावा. पुसायला सौम्य साबणाचं पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं पुरतं. वाफेचा मॉप वापरू नका. वाफ आणि उष्णता थेट जोडांत शिरते.

प्रश्न: खोलीच्या अगदी मध्यभागी हातोडी पडून एका फळीचा टवका उडाला. त्या एका फळीसाठी सगळी खोली उकलावी लागेल का?

टवका लहान असेल तर त्याच रंगाचं मेण किंवा फिलर भरून पाहा. लाकडी छपाईत तो बेमालूम मिसळतो.

फळीच बदलायची तर दोन रस्ते आहेत. जवळच्या भिंतीपर्यंत पाच-सहा ओळीच असतील तर स्कर्टिंग काढून तेवढ्या ओळी उकला. प्रत्येक फळीवर कागदी चिकटपट्टी लावून ओळ आणि क्रमांक लिहा. उकलताना खेचू नका. आधी सगळी ओळ एकदम तिरपी उचलून सोडवा, मग फळ्यांची आखूड टोकं जशी बसवली होती त्याच्या उलट क्रमाने मोकळी करा.

भिंत लांब असेल तर जागेवरच कापावं लागतं. खराब फळीवर चारी कडांपासून ४ सेंमी आत एक चौकोन आखा आणि त्याच्या कोपऱ्यांपासून फळीच्या कोपऱ्यांपर्यंत तिरप्या रेघा ओढा. करवतीची खोली फळीच्या जाडीएवढीच ठेवा, खालचं पॉलिथिन फाटता कामा नये. आधी मधला चौकोन काढा, मग कडेच्या पट्ट्या शेजारच्या लॉकमधून हळूच आत ओढून सोडवा. शेजारच्या फळ्यांच्या खाचा शाबूत राहिल्या पाहिजेत. नव्या फळीच्या खाचांचा खालचा ओठ कटरने कापून टाका आणि ज्या लॉकमुळे ती सरळ वरून बसणार नाही तेवढं तासा. कोरडीच एकदा बसवून पाहा. मग फक्त जोडांवर व्हिनाइलला चालणारा डिंक लावा. जमिनीला एक थेंबही लागू देऊ नका, नाहीतर ती फळी खोलीला खिळून धरेल. फळी खाली बसवा, वर आलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसा, वजनं ठेवा आणि २४ तास तिच्यावर पाय देऊ नका.

यासाठी तुमच्याकडे एक शिल्लक फळी असायला हवी. ज्यांचं काम अजून व्हायचं आहे त्यांनी चार-पाच फळ्या मूळ खोक्यात, आडव्या, पलंगाखाली ठेवून द्याव्यात. ते चित्र पुढे मिळत नाही आणि दुसऱ्या कंपनीचं लॉक तुमच्या फळीत बसत नाही.